मुक्या ब्रेकची गोष्ट

आमच्या गाडीचे ब्रेक ओरडायला लागले, तेव्हा सगळ्यात आधी तपासणी माझी झाली.

म्हणजे चाकापाशी कोणी वाकलं नाही, बॉनेट कोणी उघडलं नाही. आमचे हे ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "बाई चालवून राह्यली, मंग गाडी कल्ला करनारच!" वास्तविक गाडी माझी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण म्हणून पंधरा वर्षं शेलूबाजारच्या जीपगाड्यांत अर्ध्या मांडीवर बसून गेल्यावर मी ती जुनी का होईना, घेतली. चालवायला शिकलेही मीच. लायसन ह्यांचं माझ्या आधीचं, पण (हा मुद्दा महत्त्वाचा आहे) चाबी माझ्या पर्समध्ये असायची. ती बाहेर निघावी म्हणून ह्यांचा जीव खालीवर होत होता, आणि नेमकं तेव्हाच ब्रेकला कंठ फुटला.

कंठ तरी कसा! शाळेच्या फाटकाशी मी ब्रेक दाबला की 'कींऽऽऽ' व्हायचं आणि पोरं आपोआप प्रार्थनेच्या रांगेत उभी राहायची. घंटा वाजवायचं कामच उरलं नाही. गावात शिरले की कुत्री उठून बसायची आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्या पाय वर घ्यायच्या.

"तुले किती डाव सांगतलं," हे म्हणायचे, "तू ब्रेकवर पाय ठिवूनच चालवते!"

"म्या नाई ठेवत!"

"मंग ओरडते काहून?"

"तिलेच इचारा!"

दोन महिने हे चाललं. मग माझ्या भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला. आसेगावला, माझ्या माहेरी. आता खरं सांगते, मी गाडी घेतली तेव्हापासून माझं एकच स्वप्न होतं: सगळ्या सोयऱ्यांसमोर माहेरच्या दारात ड्रायव्हरच्या बाजूनं उतरायचं. ह्यांना ते माहीत होतं, म्हणून बरोबर तिथंच बोट ठेवलं.

"आयतवारपर्यंत आवाज बंद झाला त तू चालव. नाई त चाबी माह्यापाशी. कायमची!"

"मंजूर!" मी म्हटलं. (रागात मी काहीही मंजूर करते. लग्नही असंच झालं.)

शेजारचे भाऊ म्हणाले, धूळ बसली असंल. मी गाडी धुतली. गाडी आता ओल्या आवाजात ओरडू लागली. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसानं पाच मिनिटं समजावून शेवटी सांगितलं, 'मेकॅनिकला दाखवा.' एवढं तर मलाही कळत होतं! पण मेकॅनिककडे नेली की ह्यांचा विजय झाला, म्हणून मी व्हिडिओच बंद केला.

शनिवारी सकाळची शाळा करून आले, तर माझे सासरे, मामाजी, अंगणात बैलबंडीच्या चाकाला वंगण घालत होते. त्यांनी हातातली काडी थांबवली.

"सुनबाई, चाक काहून कुरकुरते? कोरडं पडलं म्हून! हे पाह्य, आता कशी गुपचूप चालते बंडी."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी शेतकऱ्याची पोर. वंगणाच्या डब्यासोबत वाढलेली. त्यात विज्ञानही मीच शिकवते! 'वंगणामुळे घर्षण कमी होते' हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारते. (घर्षण नसेल तर चाललेली वस्तू थांबणार नाही, हे त्याच धड्यात पुढं आहे. तिथपर्यंत आमचा तास संपतो.)

मामाजींनी डबा धरला, मी काडीला चिंधी बांधली आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या फटींतून आतल्या चकचकीत तबकडीला वंगण फासलं. चांगलं सढळ हातानं. मग अंगणातल्या अंगणात गाडी फिरवली. ब्रेक दाबला. आवाज नाही! गाडी जराशी उशिरा थांबली, पण मला वाटलं, समजूतदार झाली.

रविवारी हे माझ्या शेजारी तोंड पाडून बसले आणि मामाजी मागे ताठ. मी गाडी काढली.

"आयकू येऊन राह्यलं का काही?" मी विचारलं.

"नाई."

"जरा कान देऊन आयका ना!"

"नाई म्हटलं ना!"

एवढा सुखाचा प्रवास मी आयुष्यात केला नव्हता. वाटेत एका गतिरोधकावर ब्रेक दाबला, तर गाडी त्याला न जुमानता पुढं गेली आणि मामाजींचं डोकं छताला लागलं.

"सुनबाई, हळू!"

"हळूच हाय मामाजी, रस्ता खराब हाय!"

आसेगाव आलं. भावाच्या दारात मांडव होता, सगळे सोयरे बाहेर उभे होते. मी मुद्दाम तीनदा हॉर्न वाजवला, म्हणजे कोणी बघायचं राहू नये. सगळ्यांनी बघितलं. मी हसून ब्रेक दाबला.

गाडीही हसली असावी. थांबली मात्र नाही.

"ये ताई, ये!" भाऊ हात हलवत म्हणाला. "ये... ये... अवं बस! बस! कुठी चालली?"

मला तरी कुठं माहीत होतं! दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. नमस्काराला हात जोडून उभे असलेले पाहुणे तसेच हात जोडून बाजूला झाले. "हँडब्रेक!" म्हणून हे ओरडले आणि त्यांनीच तो ओढला. मांडवाच्या बाजूनं जात जात आम्ही सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात आरशापर्यंत शिरलो आणि थांबलो. माझी खिडकी उघडी होती. अर्धं कुटार गाडीत आलं.

कोणाला खरचटलंही नाही. पण माझं दार कुटारानं गच्च दाबून धरलं होतं. अख्ख्या माहेरासमोर मी सीटवरून घसरत घसरत ह्यांच्या बाजूनं उतरले! नवरदेवाच्या आईनं माझ्या केसांतलं कुटार काढत विचारलं, "गाडी नवी हाय वाटते?"

दुसऱ्या दिवशी भावाच्या ट्रॅक्टरला बांधून गाडी शेलूबाजारला नेली. मेकॅनिकनं चाक काढलं, बोट फिरवलं, वास घेतला.

"ह्या डिस्कले वंगण कोनं लावलं?"

मामाजी आभाळाकडे बघू लागले.

"मॅडम," तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ब्रेकच्या पॅडले एक पत्ती असते. पॅड घासून संपत आलं का ते पत्ती डिस्कले लागते अन् ओरडते. ओरडासाठीच बसवेल असते! गाडी दोन मैन्यापासून सांगून राह्यली का पॅड बदला, अन् तुमी तिच्या तोंडात बोळा कोंबला?"

मी मान खाली घातली. वाटलं, संपलं. पण त्यानं झिजलेला पॅड उजेडात धरला.

"पन हे इतक्या लवकर गेले कसे? ब्रेकवर पाय ठिवूनच चालवत असंल कोनी. कोन चालवते हे गाडी?"

दोन महिने ज्या बाईनं 'गाडी मीच चालवते' असं घरीदारी ठणकावून सांगितलं होतं, त्या बाईनं क्षणाचाही विचार केला नाही. शेजारी बोट दाखवलं.

"हे."

मला वाटलं, आता स्फोट होणार. पण ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि चांगली दहा मिनिटं मेकॅनिकची बोलणी गुमान ऐकून घेतली. "हो भाऊ. चुकलंच माह्यं. आता नाई ठेवत पाय," असंही म्हणाले. मग माझ्यासमोर शांतपणे हात पसरला.

"दे चाबी. गाडी त मीच चालवतो ना!"

परतताना मी मागे, मामाजींच्या शेजारी. नवे ब्रेक इतके गुपचूप की विचारू नका. घरापर्यंत गाडीत ओरडत होते ती फक्त मी: "अवो, ब्रेकवरचा पाय काढा!"