अंगणातली बाज

वैजयंता कांबळे अमेरिकेला कधी गेलेली नाही. पण तिथल्या एल्मर फोर्क नावाच्या गावात कुठल्या घराचा पत्रा गळका आहे, ते तिला विचारा.

आमचं ऑफिस मीरा रोडला आहे. आकाशातून काढलेल्या फोटोंवरून आम्ही नकाशे करतो. एल्मर फोर्क वैजयंताच्या वाट्याला आलं, आणि तिचं काम तपासायला मी, शैला. गाव म्हणजे काय, एक सरळ रस्ता, धान्याच्या चार उंच टाक्या, रेल्वेचा रूळ, उन्हाळ्यात आटणारा ओढा आणि बंद पडलेली शाळा. दहा वर्षांपूर्वी दोनशे बारा माणसं, आता दीडशेच्या आसपास. इथे मीरा रोडला आमच्या बेव्हर्ली पार्कच्या एका बिल्डिंगमध्ये याहून जास्त माणसं राहतात!

कुठलं घर राहतं आणि कुठलं रिकामं, ते आम्ही खुणांवरून ठरवायचं. गवत कापलेलं असलं, गाडी जागेवरून हललेली असली, म्हणजे माणूस आहे. दोन-तीन वर्षांचे फोटो शेजारी ठेवायचे. आणि सगळ्यात आधी कोपऱ्यातली तारीख वाचायची. हे मीच तिला शिकवलं होतं, पहिल्या दिवशी, चांगलं दरडावून. मी तोंडाची फटकळ आहे, सगळं ऑफिस जाणतं.

घर रिकामं ठरवताना वैजयंता फार वेळ लावायची. ‘ताई, एकच साल गवत वाढलंय. आजारी असतील. मुलाकडे गेले असतील.’ मी म्हणायची, ‘अगं बाई, तुझे काका लागतात का ते? टाक खूण आणि पुढे हो.’ ती खूण टाकायची, पण तोंड पाडून. एकदा म्हणाली, ‘आमचं गाव पण असंच चाललंय.’ तिचं गाव परभणीकडे. तरणी माणसं पुण्याला नाहीतर इकडे भाईंदरला. ती स्वतः नवरा समाधान आणि मुलगी स्नेहलबरोबर केबिन रोडच्या मागे भाड्याच्या खोलीत राहते. गावात एकटे वडील, श्रीपतीअप्पा, शाळेतले निवृत्त शिपाई. इकडे या म्हटलं की म्हणायचे, ‘तुझ्या खोलीत पाय पसरले तर भिंतीला लागतात.’

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सोमवारपासून अप्पा फोन उचलेनात. शेजारचा काशीनाथ मुलीकडे गेलेला, त्यामुळे जाऊन बघणारंही कुणी नाही. मंगळवार गेला. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत वैजयंता डबा न उघडता कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिने स्क्रीनवर आपलं गाव काढलं. मी मागे उभी राहिले. शाळा दिसली, बौद्ध विहार दिसला, मग तिचं घर. निळा पत्रा, दारात कडुलिंबाचं झाड, आणि सावलीच्या कडेला एक पांढुरका ठिपका.

‘अप्पांची बाज,’ ती म्हणाली. ‘बाज बाहेर आहे, ताई.’

फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. तारीख कोपऱ्यात होती आणि ती मी वाचली. माझं कामच ते!

आता खरं सांगते, कुणाला काय वाटायचं ते वाटो. सोमवारी एल्मर फोर्क पुरं करून द्यायचं होतं. आमचे साहेब, अभिनव सर, दर तासाला येऊन ‘मंडे मतलब मंडे’ करत होते. ती गेली असती तर उरलेली चाळीस घरं माझ्या गळ्यात पडली असती, आणि शनिवारी माझ्या भाचीचा साखरपुडा होता. साडी इस्त्रीला दिलेली. मी म्हटलं, ‘बाज आहे ना अंगणात? मग माणूस आहे. फोन बिघडला असेल. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस.’ ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डबा उघडला.

शनिवारी काशीनाथ गावी परतला. अप्पा घरात नव्हतेच. त्या घराला पत्राच उरला नव्हता. वर्षापूर्वीच्या वादळात लिंब घरावर पडला, तेव्हापासून म्हातारा शाळेच्या व्हरांड्यात राहत होता आणि वर्षभर गावी न आलेल्या लेकीला फोनवर ‘समदं बरं हाय’ सांगत होता. शाळेला सुट्टी, तिकडे कोण फिरकणार? तापाने फणफणून सहा दिवस तिथेच पडून होता. काशीनाथने दवाखान्यात नेलं, पण वैजयंता रविवारी सकाळी पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणलं असतं तर वाचले असते. बुधवारी रात्री निघाली असती तर गुरुवारी दुपारी ती त्यांच्याजवळ असती. हा हिशोब मी किती वेळा केला असेल!

आणि साखरपुडा? झाला ना, मी मिरवलेसुद्धा.

अप्पांचं पुण्यानुमोदन उरकून ती पंधरा दिवसांनी कामावर आली. आल्या आल्या कॉम्प्युटर सुरू केला. मला राहवेना. दुपारी तिला जिन्यात नेलं आणि सांगून टाकलं, ‘वैजयंता, तो फोटो जुना होता. मला दिसलं होतं गं. मी मुद्दाम बोलले नाही.’ वाटलं, आता ही चारचौघांत माझी अब्रू काढणार. काढावी. मी तिच्या पाया पडायला तयार होते.

ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, ‘तारीख मी पण वाचली होती, ताई.’

‘मग गेली का नाहीस?’ माझ्या तोंडून गेलंच, मेलं हे तोंड!

‘काम टाकून कसं जायचं? तुम्ही मोठ्या. वाटलं, तुम्ही तरी म्हणाल, जा म्हणून.’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तेच मला सोसत नाही.