गंगेवर न्या मला

शाळेशी माझं चौथीतच बिनसलं. गुरुजी म्हणले, तू येऊ नको, बाकीची पोरं हसत बसतात. लोकांना हसवायचं तेच काम मी आता नाशकातल्या एका दवाखान्यात करतो. वॉर्डातला मामा मी. स्ट्रेचर ढकलायचं, बेडपॅन उचलायचं आन तोंड चालू ठेवायचं.

मागल्या वर्षी एक ताई शिकायला आली. एमए करत होती. कशात? तर आजारी माणसाच्या मनाला आधार द्यायचा, मग तो कुठल्या का धर्माचा असंना. मी म्हणलं, "ताई, गप बसून ऐकायला एमए लागतं? मग बायकोपुढं मी कधीच डॉक्टर झालोय." ती हसली आन कोपऱ्यातल्या कॉटवरच्या म्हाताऱ्या चाचांपाशी जाऊन बसली.

चाचांचे थोडेच दिवस राहिले होते. सारखे एकच म्हणायचे, "गंगेवर न्या मला." वॉर्डात कोणी गंगा म्हणलं की मला एकच सुचतं, शेवटी तोंडात घालायचं पाणी. मी म्हणलं, "चाचा, तुमचं मक्केचं जमजमचं पाणी असतं ना? आमच्या गंगेवर कशाला डोळा?" आजूबाजूचे हसले. चाचांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. दोन दिवस बोलले नाय, दुधाचा घोट घेतला नाय.

ताई दोन्ही दिवस नुसती बसून. तिसऱ्या दुपारी हळूच म्हणली, "चाचा, गंगेवर काय आहे?"

चाचा वळले. "बुधवारचा बाजार, बेटा. जिंदगीभर कोथिंबीर विकली तिथं."

फरशी पुसता पुसता माझा हातच थांबला. आम्ही नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो, आन दर बुधवारी तिच्या काठच्या बाजारातूनच तर मी पिशवी भरून भाजी आणतो! एवढ्याशा प्रश्नासाठी ती दोन दिवस थांबली होती.

चाचांना हलवायची सोय नव्हती. ताई म्हणली, "मामा, तुमचा आवाज मोठा आहे ना?"

मी कॉटपाशी उभा राहिलो आन आरोळी ठोकली, "मेथी घ्याऽ, कोथिंबीर घ्याऽ!"

चाचांनी डोळे मिटले. "मेथी नाय रे येड्या. मेथी शेजारच्या मावशीची. तिचं गिऱ्हाईक आपण बोलवायचं नसतं."

मग मी नुसती कोथिंबीर ओरडलो. चाचांनी दोन चमचे दूध घेतलं.

सिस्टर धावत आल्या. "मामा, हा दवाखाना आहे का बाजार?"

चाचा डोळे मिटूनच म्हणले, "बाजार."