सतरा वीसची गाडी

वटार गावचा रामनाथ विड्याच्या पानवेलींचा शेतकरी. चार यत्ता शिकलेला, कष्टाळू आणि हट्टी. मुलगी दीपिका मुंबईला नर्सिंग शिकून लष्करी रुग्णालयात लागली. शेजारच्या गावचं ठरवलेलं स्थळ तिने मोडलं, तेव्हापासून चार महिने तो तिच्याशी बोलला नव्हता.

१९९८च्या मे महिन्यात तिचं पत्र आलं. बदली झाली आहे, मुंबईहून थेट जालंधरला निघाले आहे, बारा तारखेला १७:२० ला गाडी बोरिवलीला थांबेल. शेवटी एकच ओळ होती : ‘बाबा, एकदा दिसून जा.’

रामनाथने ते पत्र बायकोला, जिजाला, दाखवलंच नाही. बारा तारखेला दुपारी त्याने ओल्या फडक्यात सोनचाफा बांधला, राजेळी केळी घेतली आणि आगाशीला जातो सांगून निघाला. बोरिवलीला पोचला तेव्हा सहा वाजून गेले होते. पत्रातल्या १७:२० चे त्याने सात वीस धरले होते, त्याला अजून तासभर होता. लवकर आलो म्हणून तो बरा खुशीत होता. गाडी कुठे लागेल ते विचारायला चौकशीच्या खिडकीशी गेला, तर आतल्या माणसाने सांगितलं की सतरा म्हणजे संध्याकाळचे पाच, ती गाडी केव्हाच गेली.

घरी त्याने आगाशीहून आलो असंच सांगितलं. आठवड्याभराने शेजारच्या क्लेमेंटीन बाईंकडे गेला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांना त्याने सगळं सांगितलं आणि ते रेल्वेचं घड्याळ शिकवा म्हणाला. बाईंनी कागदावर मोठं घड्याळ काढलं, एकच्या खाली तेरा, दोनच्या खाली चौदा. बारा वजा करायचे, एवढंच. पंधरा मिनिटांत त्याला समजलं. नंतर त्याने तो कागद घडी करून खिशात घातला.

“तिला कळवू का?” बाईंनी विचारलं.

“नको. बाप हट्टी आहे हे तिला ठाऊक आहे. अडाणी आहे, हे कशाला कळवायचं?”

त्यानंतर दीपिकाची पत्रं यायची ती आईच्या नावाने. बाई ती जिजाला ओट्यावर वाचून दाखवायच्या. तेवढा वेळ रामनाथ विहिरीवरचा पंप बंद ठेवायचा.

दोन वर्षांनी, वेलींना पाणी लावतानाच, तो वाडीत कोसळला तो गेलाच. दीपिका पोचली ती तिसऱ्या दिवशी.

बाराव्यानंतर बाईंनी तिला बोलावून घेतलं आणि बोरिवलीची हकिकत सांगितली.  ड्यूटीच्या वहीत दीपिका रोज तशीच वेळ लिहायची, म्हणून पत्रातही तशीच लिहिली गेली होती. गाडी सुटेपर्यंत ती दारात उभी होती, आणि बाबा आले नाहीत हे तिने दोन वर्षं मनात धरलं होतं.

“पाच वीस लिहिलं असतं तर,” ती म्हणाली.

बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

“फुलांचं काय केलं त्यांनी?”

“बाकावर ठेवून आला म्हणे. घरी आणली असती तर जिजाने विचारलं असतं.”

“बाई, ते रागावलेले नव्हते ना?”

“रागावलेला माणूस एवढ्या लांब जाईल का गं?”

अंत्यसंस्कार हुकले तेव्हा दीपिका रडली नव्हती. बाईंच्या ओट्यावर ती रडली. जिजा हाका मारत कुंपणापर्यंत आली आणि काय झालं म्हणून विचारू लागली. दोघींपैकी कुणीही तिला सांगितलं नाही.