एकशे एक कुंड्या

निर्मळ गावच्या द्वारकाबाईंचा राग लोणच्यासारखा मुरलेला होता. चांगली पस्तीस वर्षं.

सहावीत दयाराम मास्तरांनी तिला छत्तीसच्या विभाजकांच्या जोड्या विचारल्या होत्या. एक नि छत्तीस, दोन नि अठरा, तीन नि बारा, चार नि नऊ, पोरीनं धडाधडा सांगितल्या. सहा नि सहा तेवढी राहिली. एकाच आकड्याची जोडी कशी होईल, असं तिला वाटलं. मास्तर वर्गासमोर हसले आणि संध्याकाळी तिच्या बापाला गाठून म्हणाले, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही. वाडीत घाला कामाला." बापानं घातली. संपली शाळा.

वाडीत मात्र आकडे तिला वश झाले. अठ्ठेचाळीस केळी आठाच्या सहा रांगांत बसतात, बाराच्या चार रांगांतही. सत्तेचाळीस कशाही लावा, मेल्या बसतच नाहीत. पुढं तिनं सोनचाफ्याच्या कलमांचा धंदा उभा केला आणि द्वारकेची द्वारकाबाई झाली.

यंदा शाळेची शंभरी. समितीचे अध्यक्ष अर्थात दयाराम मास्तर. त्यांचा फोन आला, "शंभरावर एक शुभ असतं. चाफ्याच्या एकशे एक कुंड्या पाठवा. मंचासमोर सारख्या रांगा लावणार आहे मी, एकही कमी-जास्त नको."

द्वारकाबाईंनी मनातल्या मनात जोड्या शोधल्या आणि त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "पाठवते की मास्तर," त्या म्हणाल्या. सांगायला त्यांचं काय अडलं होतं!

कार्यक्रमाच्या सकाळी मास्तरांनी दहाच्या दहा रांगा लावल्या, एक कुंडी उरली. अकराच्या नऊ लावल्या, दोन उरल्या. सातच्या चौदा लावल्या, तीन उरल्या. पाहुणे येऊन बसले तरी मास्तर घामाघूम होऊन कुंड्या हलवतच होते. माजी विद्यार्थी खुदुखुदु हसू लागले. द्वारकाबाईंनी ते हसणं पोटभर ऐकून घेतलं, मगच त्या पुढं झाल्या.

"मास्तर, एकशे एकाची जोडी एकच. एक नि एकशे एक. तुमच्या रांगा व्हायच्याच नाहीत."

"अरेच्चा, खरंच की!" मास्तर थबकले. "हुशार आहात बाई. कुठल्या शाळेत होतात?"

"तुमच्याच. सहावीतून तुम्हीच काढायला लावलंत मला. द्वारका मी."

मास्तरांनी चष्मा पुसून त्यांना नीट न्याहाळलं. "नाही बुवा आठवत," ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

इतका संताप द्वारकाबाईंना सहावीतही आला नव्हता.