कच्चा डाख

एका डमी लोडने सकाळभर डोकं उठवलं. डमी लोड म्हणजे हौशी रेडिओवाल्याची खोटी अँटेना. ट्रान्समीटर तपासताना ती जोडली की सगळी शक्ती ती पोटात जिरवते, बाहेर चकार शब्द जाऊ देत नाही. दुकानदाराचे प्रश्न संपेनात. "काका, किती वॅटचा? तेलातला की पंख्याचा?" अरे बाबा, पन्नास ओहमचा कुठलाही दे, पण खरा दे!

शेवटी तेलात बुडवलेला डमी लोडचा डबा आणला. सेट लावल्यावर तो हळूहळू कोमट झाला. त्यावर हात ठेवला आणि आमच्या रेडिओ क्लबातला वसंता आठवला.

तरुणपणी मी त्याला ऐटीत म्हणालो होतो, "डमी लोड कशाला? शंभराचा बल्ब लाव." त्याने लावला. बल्ब लखलखला, म्हणून सेट जुळला असं आम्ही मानलं. पण बल्बचा रोध थंड असताना एक आणि तापल्यावर भलताच. त्या फसव्या जुळणीवर खरी अँटेना जोडताच त्याच्या सेटचा व्हॉल्व्ह, म्हणजे आतली काचेची नळी, जळाला. क्लबात मी खुशाल सांगितलं, "याला सोल्डरिंग येत नाही. डाखच कच्चा!" सगळे हसले. तेव्हापासून त्याचं नावच 'कच्चा डाख'. परवाही कुणी तशी हाक मारली, तर हा गृहस्थ हसून "ओ" म्हणाला. बल्बचं नाव त्याने आजवर काढलेलं नाही. चिडत का नाही हा माणूस? निदान एकदा तरी!

डबा अजून गरमच आहे.

आता मीच लिहून ठेवतो. वसंताचा डाख पक्का होता. बल्ब माझा होता.