दादांची जीप मऊ करताना

आमच्यात कोणी नवीन येऊन चहाला बसलं की थोड्या वेळाने हमखास विचारतं, "तुम्ही लोक सारखे त्या एका जीपबद्दलच काय बोलता?" आता काय सांगणार! किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. गाडी जुनी झाली की गंजासारखे तेही आपोआप चढत जातात. आज सांगताना हसायला येतं. तेव्हा मात्र रोज धास्ती असायची.

गाडी शिरीषदादांची. दादा वर्तकनगरला राहतात, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीतून रिटायर झालेत. जीप जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह. पुढे-मागे लोखंडी पाट्यांचं सस्पेन्शन, म्हणजे रस्त्यात सुपारी पडलेली असेल तरी बसणाऱ्याला कळणार! याच गाडीवर दादांनी आम्हा तिघांना चिखलात ड्रायव्हिंग शिकवलं. तिघं म्हणजे चेंदणी कोळीवाड्यातला विन्या, डोंबिवलीची अनघा आणि मी. अनघा फिजिओथेरपिस्ट, आणि आमच्यातली सगळ्यात भारी ड्रायव्हर पण तीच. मी मिलिंद, इन्शुरन्सवाला. काय काय वाईट होऊ शकतं याचा विचार करण्याचाच मला पगार मिळतो.

मग दादांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं.

*

टाके काढायच्या दिवशी मी दादा-वहिनींसोबत गेलेलो. दादांनी चालण्याचं विचारलं नाही, जिन्याचं विचारलं नाही. पहिला प्रश्न, "डॉक्टर, गाडीत कधी बसू?"

"बसा की थोड्या दिवसांनी. फक्त धक्के नकोत. एक जोरात धक्का बसला तर आपण परत इथेच भेटू. गाडी कुठली आहे?"

दादांनी उत्साहाने मोबाइल काढून जीपचा फोटो दाखवला.

डॉक्टरांनी फोटो झूम केला. चष्मा कपाळावर सरकवून परत बघितला. मग वहिनींकडे वळून म्हणाले, "रिक्षा परवडली!"

आम्ही सगळे हसलो. दादांनी मोबाइल खिशात ठेवला.

 त्या दिवसापासून सारखे खिडकीत बसायचे, खाली कव्हर घातलेल्या गाडीकडे बघत. शेवटी वहिनी म्हणाल्या, "समोर दिसते म्हणून त्रास होतो. विकून टाका."

*

उल्हासनगरहून एक गिऱ्हाईक आलं. उंचापुरा माणूस, गळ्यात चेन, गाडीवर एकदम फिदा! विन्या त्याला उपवन तलावापर्यंत चक्कर मारायला घेऊन गेला. मी खाली थांबलेलो.

परत आले तेव्हा तो दरवाजा धरून एक एक पाय खाली ठेवत उतरला. कमरेवर हात. म्हणाला, "भाईसाब, अंदर कुछ टूटा है."

विन्या लगेच गाडीखाली वाकला. "कुठे? पाटा तुटला का?"

"गाडी में नहीं, मेरे अंदर!"

विन्या रस्त्यात बसून हसला. मी पण. मग वर बघितलं तर दादा खिडकीत उभे. ते हसत नव्हते. त्यांनी पडदा ओढून घेतला.

त्या संध्याकाळी मी अनघाला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गाडी विकायची नाही. गाडी मऊ करायची."

*

पहिला प्रयोग टायरच्या हवेचा, कारण तो फुकट. हवा थोडी कमी केली की टायर दबतो आणि धक्का खातो. आता पेशंटच्या जागी बसणार कोण?

"मिल्या, तुझी कंबर दुखते ना?" अनघाने विचारलं.

"हो. सारखी."

"परफेक्ट!"

डोंबिवली एमआयडीसीतले रस्ते ट्रायलसाठी ठरले. तिथे खड्ड्यांची सगळी व्हरायटी मिळते. आधी थोडी हवा सोडली, मग अजून थोडी. खरंच मऊ लागत होतं! अनघा खूश झाली, आणि तिने वळणावर स्पीड कमी केला नाही. गाडी जी एका अंगाला झुकली! टायर किंचाळला, मी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

गाडी थांबवून तिने अगदी क्लिनिकमधल्यासारखं विचारलं, "कुठे दुखतंय?"

"काय माहीत! भीतीने कळतच नाहीये!"

हवा परत भरली. मऊ गाडी आणि उलटणारी गाडी यांच्यात फरक किती कमी असतो ते मला त्या दिवशी कळलं. घरी जाताना मी अनघाला म्हटलं, "आपण करतोय ते बरोबर आहे ना गं? आपल्यामुळे त्यांना काही झालं तर?"

ती चिडली. "तुला काय वाटतं, मला भीती वाटत नाही? एका धक्क्याने परत ऑपरेशनला गेलेले पेशंट मी बघितलेत, तू नाही!"



*

खोपटला एसटी डेपोमागे पप्पूशेठचं गॅरेज आहे. त्याने पाट्यांचा सेट उघडला. एकावर एक रचलेले पाटे, धक्का बसला की एकमेकांवर सरकायला हवेत. इथे सगळे गंजून चिकटलेले.

"साहेब, हे सस्पेन्शन नाही, रेल्वेचा रूळ आहे. टेन्शन नका घेऊ, दोन्हीकडून एक एक पाटा कमी करतो, बाकीचे घासून ग्रीस मारतो. लोणी होणार, लोणी!"

त्याने 'टेन्शन नका घेऊ' म्हटलं की मला टेन्शन येतं. पण गाडी खरंच सुधारली. आम्ही ती आणून बिल्डिंगखाली लावली आणि कटिंग प्यायला गेलो.

माझा फोन वाजला. दादा! ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःहून कोणालाही फोन केला नव्हता. मी घाबरत उचलला.

"मिल्या, एक सांग."

"काय झालं दादा? दुखतंय का?"

"गाडी डावीकडे झुकलीय, की मीच वाकडा उभा आहे?"

धावत आलो. गाडीच झुकलेली! डावीकडच्या जुन्या पाट्यांचा बाक उतरला होता, एक पाटा काढल्यावर ती बाजू बसली. पप्पूशेठने दोन्हीकडचे पाटे तापवून त्यांना पुन्हा बाक दिला. तोपर्यंत दादा रोज फोन करून विचारायचे, "आज कोण सरळ आहे, ती की मी?"

*

पाटे मऊ झाले तर जुने शॉकअब्सॉर्बर गेलेत हे उघडं पडलं. एका स्पीडब्रेकरवर गाडी एकदा उडायची आणि पुढचा स्पीडब्रेकर येईपर्यंत डुलत राहायची.

हे आम्हाला नीट कळलं विन्याच्या आईमुळे. त्या ठाणे मार्केटला मासे विकतात. रिक्षा मिळेना म्हणून विन्याने त्यांना जीपमध्ये घातलं, मांडीवर माशांची पाटी. मी मागे. कोर्टनाक्याच्या पुढे त्यांनी पदर तोंडाला लावला.

"थांबव रं गारी! आमची होरी बरी! भरतीला बी एवरी हलत नाय!"

आयुष्य होडीत गेलेल्या बाईला आमची गाडी लागली होती! त्या तिथेच उतरल्या आणि पाटी डोक्यावर घेऊन चालत गेल्या. विन्याने त्याच दिवशी नवे शॉकअब्सॉर्बर बुक केले.

*

सीटचा किस्सा छोटा आहे. जाड फोम मी स्वतः पसंत करून आणला, माझं एकट्याचं योगदान म्हणून. पहिल्याच खड्ड्यात मी इतका अलगद वर गेलो की टाळकं छताच्या पाइपवर आपटलं.

अनघा म्हणाली, "कंबर वाचली, मान गेली!"

फोम अर्धा कापला.

*

इतकं होऊनही दादांना बसवायची आमची हिंमत होईना. पप्पूशेठने पाट्यांच्या टोकांचे रबरी बुशही बदलले, तरी आम्ही आपले 'अजून एक ट्रायल' म्हणत पुढे ढकलत होतो.

एक दिवस वहिनीच खाली आल्या. दादा आत आंघोळीला गेलेले. सरळ पुढच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "चालव, अनघा."

त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला आणि पंजा सीट आणि कंबर यांच्यामध्ये ठेवला. दादांची जखम जिथे आहे, बरोबर तिथे. डोळे मिटले. प्रत्येक खड्ड्याला त्या हळूच बोलत होत्या.

"हा लागला... हा थोडा... हा नाही... हा नाही... हासुद्धा नाही."

मी मागे बसून रिझल्टच्या दिवसासारखा घामाघूम झालेलो.

परत आल्यावर त्या सरळ वर गेल्या. दादांचा आवाज खालपर्यंत आला, "कुठे गेली होतीस?"

"रविवारी तुम्हाला बाहेर जायचंय. कुठला शर्ट काढून ठेवू?"

*

रविवारी खडवलीला गेलो. नदीवर जायचं, जरा बसायचं आणि परत. डॉक्टरांना विचारलं होतं, पट्टा कमरेला होता, अनघा स्टिअरिंगवर, दादा तिच्या शेजारी, मागे वहिनी आणि मी. विन्या स्कूटरवर पुढे, आमचा पायलट. खड्डा दिसला की हात वर करायचा आणि कुठल्या बाजूने घ्यायचं ते दाखवायचा. रस्त्यातल्या लोकांना वाटत होतं, कोणी मंत्री चाललाय!

जाताना सगळं नीट झालं. नदीकाठी दादा खुर्चीत बसले, भेळ खाल्ली. ते चार पावलं लांब गेले तेव्हा वहिनी अनघाला हळूच म्हणाल्या, "ऑपरेशन झाल्यापासून झोप नाही गं यांना. गोळी घेतली तरी नाही. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. कोणाला सांगू नका म्हणतात."

संध्याकाळी परत निघालो. पडघ्याहून हायवेला लागलो, दादांच्या गप्पा चालूच होत्या. माजिवड्याच्या जवळ ट्रॅफिकमध्ये विन्या आमच्यापासून तुटला. त्याचा हात आम्हाला दिसलाच नाही.

धाडकन गाडी खड्ड्यात गेली.

 मी डोळे मिटले आणि दादांच्या ओरडण्याची वाट बघत राहिलो.

काहीच आवाज नाही.

डोळे उघडले तर दादांची मान एका बाजूला कललेली. हात मांडीवरून घसरून खाली लोंबत होता.  अनघाने गाडी कडेला घेतली, इंडिकेटर लावले आणि दादांचं मनगट धरलं. तेवढ्यात विन्या स्कूटर टाकून हेल्मेटसकट पळत आला. "लागलं काय? लागलं काय रे? सांगायला हात केलेला मी!"

वहिनी मागून पुढे वाकल्या. त्यांनी दादांच्या नाकासमोर हात धरला, मग कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. तशाच थांबल्या. मग अनघाचा हात दादांच्या मनगटावरून अलगद सोडवला आणि विन्याच्या हेल्मेटवर बोट ठेवलं.

"शूऽऽ!"

आम्ही गप्प झालो. तेव्हा कुठे आम्हाला ते घोरणं ऐकू आलं.

वहिनींनी पदराने डोळे पुसले, सीटला टेकून बसल्या आणि एकदम दबक्या आवाजात म्हणाल्या, "अनघा, गाडी चालू कर. घरी नको, लांब घोडबंदर रोडला घे. आणि हॉर्न वाजवू नकोस!"