टायटॅनियमचं सोवळं

माझ्या सासूबाईंनी मला कधी छळलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर लोक भलतंच समजून बसतील. त्यांनी मला साड्या घेतल्या, बाळंतपणात डिंकाचे लाडू केले, तापात कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. मग उठून डोक्यावरून आंघोळ केली, ती गोष्ट वेगळी. मी दुसऱ्या जातीची. लग्न आमच्या ह्यांनी स्वतःचं स्वतः ठरवलं होतं आणि सासूबाईंनी ते कबूल केलं होतं, देवाच्या पाण्याची कळशी सोडून. ती तांब्याची कळशी त्या रोज सोवळ्यात भरायच्या. मी बाजूने गेले तरी म्हणायच्या, "जरा लांब हो गं." आवाज गोडच असायचा. तो गोड आवाज ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हे कापडाच्या मिलमधे ब्लीचिंग खात्यात फिटर होते आणि युनियनचे होते. गेटसमोर उभं राहून "माणसाला माणसाचा विटाळ कसला?" असं भाषण ठोकायचे, टाळ्या घ्यायचे आणि घरी येऊन आईने वाढलेलं गुपचूप जेवायचे. मी एकदा म्हटलं, "हेच भाषण जरा स्वयंपाकघरात द्या ना." तर म्हणाले, "आई आता म्हातारी झाली." सासूबाई त्या वेळी पाण्याच्या दोन बादल्या घेऊन जिना चढत होत्या.

मग मिल बंद पडली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग गेटला कुलूप. इंदूर शहरात रंगीत टीव्हीची आणि नव्या गाड्यांची दुकानं उघडत होती आणि आमचे हे कृष्णपुऱ्याच्या मागे भाड्याच्या घराच्या ओटल्यावर बसून जग उघडताना बघत होते. मिलचं सामान भंगारात निघालं. ब्लीचिंगचं पाणी लोखंड खातं, स्टीलसुद्धा हळूहळू खातं, म्हणून त्या खात्यात थोडे पाइप टायटॅनियमचे होते. भंगारवाल्याला ते काय आहे हे कळेना. चुंबक चिकटत नाही, तांबं नाही, पितळ नाही. त्याने ते वजनावर काढले, आणि वजन तर त्यांना नव्हतंच. ह्यांनी काही तुकडे आणून पलंगाखाली ठेवले.

"ह्याचं करायचं काय?" मी विचारलं.

"हे गंजत नाही."

"गंजत तर मी पण नाही," मी म्हटलं.

मग एक दिवस सराफ्यातल्या एका पेढीवाल्याचा मुलगा विलायती मासिक घेऊन आला. ह्यांच्याकडे टायटॅनियम आहे, ही बातमी त्याला कुठून लागली देव जाणे. इंदुरात बातमी पोह्यांच्या गाडीवर शिजते. त्याच्याकडे नवी कोरी गाडी होती आणि मासिकात एका सायलेन्सरचा फोटो होता, निळा-जांभळा. "भिया, ऐसा बना दो," तो म्हणाला. ह्यांनी फोटो बराच वेळ बघितला. मग पलंगाखाली वाकले. किती तरी महिन्यांनी हा माणूस कशासाठी तरी वाकला होता.

दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून आर्गन वेल्डिंगचं मशीन आणि गॅसचा बाटला आला. शेजारच्या पिठाच्या चक्कीतून थ्री-फेजची तार आली. अट एवढीच की दुपारी चक्की बंद असेल तेव्हाच वापरायची. आता टायटॅनियम घरी वाकवता येत नाही. म्हणून पाइपचे शेवग्याच्या शेंगेसारखे तिरके तुकडे कापायचे आणि फिरवून फिरवून जोडत वळण आणायचं. आणि जोडताना त्या धातूचे नखरे! तापला की हवा पितो आणि ठिसूळ होतो. म्हणून हवा अडवायला बाहेरून गॅस, आतूनही गॅस, आणि जोड थंड होईपर्यंत मागून गॅस सोडणारी वाटी धरून ठेवायची. जोड चांदीसारखा आला तर पास. राखाडी, भुकटीसारखा आला तर मेला.

काम मागच्या पडवीत होणार होतं, ह्यांनी तिथले नियम सांगितले. आंघोळ केल्याशिवाय पडवीत यायचं नाही. उघड्या हाताने पाइपला शिवायचं नाही. घामाचा नाही, तेलाचा नाही, पिठाचा नाही, कसलाच हात चालणार नाही. सुती हातमोजे धुऊन वेगळे वाळवायचे. वेल्डिंगच्या दिवशी घरात फोडणी नाही.

सासूबाई देवघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "अरे, हे तर सोवळंच झालं!"

"आई, हे सायन्स आहे."

"तेच म्हणतेय मी," सासूबाई म्हणाल्या.

ज्या मुलाने जन्मभर भाषणांतून सोवळ्याची टर उडवली, तो स्वतः हात धुऊन, कोपर वर करून पडवीत उभा राहिला हे बघून त्या पंधरा वर्षांनी तरुण झाल्या. हातमोजे त्यांनी आपल्या ताब्यात घेतले. सोवळ्याच्या लुगड्याशेजारी उंच बांबूवर काठीने वाळत घातले. पडवीच्या दारात पाट मांडून, मांडीवर ती काठी घेऊन बसल्या. मांजर आलं तरी ओरडायच्या. आणि मला? मला म्हणाल्या, "जरा लांबच राहा गं." घरात आधी एक सोवळं होतं, आता दोन झाली, आणि मी दोन्हींच्या बाहेर. मी भांडी इतक्या जोरात घासली की चक्कीवाली बघायला आली.

पहिल्या जोडाच्या दिवशी ह्यांचा मिलमधला एक जोडीदार गॅसची वाटी धरायला आला. ह्यांनी तुकडे पुसून, घासून, जुळवून ठेवले आणि जरा चहाला आत आले. तेवढ्यात सासूबाई सोवळं नेसून पडवीत गेल्या. मिलमधे दसऱ्याला मशीनला हळदकुंकू वाहायचे. मुलाला बिचाऱ्याला पूजेला मशीनच उरलं नव्हतं, आता एवढ्या दिवसांनी हातात काम आलेलं, आणि ते विनापूजेचं कसं सुरू करायचं? त्यांनी प्रत्येक सांध्यावर हळदकुंकू लावलं. चिकटावं म्हणून तुपाचं बोट लावलं. मुलगा चिडेल म्हणून सगळं खालच्या बाजूने लावलं.

वेल्डिंग सुरू झालं. वरून जोड चांदीसारखा येत गेला. खालच्या बाजूला गेल्यावर तडतडला, धूर निघाला आणि सगळा राखाडी पडला. थंड होताना टिंग आवाज आला आणि भेग गेली. ह्यांनी पाइप उलटा केला. पुढच्या सांध्यावर कुंकू होतं.

"आई, काय केलंस हे?"

"देवाचं केलं. सोवळ्यात केलं. आंघोळ करून आले होते मी."

"लांब हो," हे ओरडले. "हात लावू नकोस कशालाही! तू ओवळी आहेस इथे!"

आमच्या घरात हे वाक्य सासूबाईंना कुणी म्हटलं नव्हतं. त्या काठी घेऊन उठल्या आणि आत गेल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. हो, हसले. मला आनंद झाला होता, आणि चांगला भरपूर झाला होता. ह्यांनी बिघडलेले तुकडे कापून टाकले. उरलेला पाइप मोजून मापून एकदाच पुरणार होता. पुन्हा चूक झाली असती तर पाइप संपला, काम संपलं आणि हे परत ओटल्यावर.

संध्याकाळी बघते तर सासूबाई नळाखाली हात धूत होत्या. साबणाने धुतले, बेसनाने धुतले, परत साबणाने. मला बघून दोन्ही हात पुढे केले. "बघ गं, अजून येतो का तुपाचा वास?"

मी वास घेतला. "येतो."

"आंघोळ करून गेले होते गं मी," त्या म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता.

"मी पण रोज आंघोळ करते, आई," मी म्हटलं.

हे मी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. त्यांनी नळ बंद केला आणि ओले हात तसेच धरून उभ्या राहिल्या. मग आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा जोडीदार येईना. त्याला एका नव्या शोरूमच्या दारात चौकीदारी मिळाली होती आणि तो ती सोडून येणार नव्हता. वाटी धरायला माणूस कुठून आणायचा म्हणून हे चपला घालायला लागले. तेवढ्यात सासूबाईंनी काठीने बांबूवरचे हातमोजे उतरवले. स्वतः शिवल्या नाहीत. काठीच्या टोकावरच माझ्यापुढे धरले.

"वाटी हिला दे," मुलाला म्हणाल्या. "हिचे हात कोरडे असतात."

मी आंघोळ करून आले. हातमोजे घातले, काळी काच लावली. ह्यांच्या टॉर्चच्या मागे मागे गॅसची वाटी सरकवत राहिले. "हलू नकोस," हे म्हणायचे, मी हलायची नाही. अर्ध्याहून जास्त जोड झाले होते तेव्हा चक्कीवाली आली. तिची चक्की सुरू करायची वेळ झाली होती, तार हवी होती. पिठाने माखलेल्या हाताने ती "ए भाभी" म्हणत माझ्या खांद्याला धरणार, तोच सासूबाईंची काठी दारात आडवी झाली.

"दूर रहो!" सासूबाई आपल्या हिंदीत कडाडल्या. "बहू हमारी सोवळे में है!"

चक्कीवालीला सोवळं म्हणजे काय ते कळलं नाही, पण काठी कळली आणि ती मागे फिरली. मी काळ्या काचेच्या मागे रडत होते. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तशीच रडत वाटी धरून राहिले. जोड सगळे चांदीसारखे आले.

गाडीचं काय झालं ते पण सांगून टाकते, नाहीतर पुरुषमंडळींना चैन पडायचं नाही. पेढीवाल्याच्या मुलाने चांदीसारखा सायलेन्सर बघून तोंड वाकडं केलं. "भिया, इसमें रंग कहाँ है?" ह्यांनी त्याला समजावलं की चांगल्या जोडाला रंग नसतो. त्याला ते पटलं नाही. मग तो सिमरोलच्या घाटापर्यंत गाडी तापवून आला तर इंजिनाजवळचा पाइप आधी सोनेरी आणि मग निळा पडलेला. ते उष्णतेने आपोआप होतं, त्यात ह्यांचं काही कौशल्य नव्हतं. पण त्याने सगळ्या सराफ्याला दाखवलं आणि ह्यांच्याकडे कामं यायला लागली. जोडावर नाही, रंगावर कामं मिळाली, त्याचा ह्यांना अजूनही राग आहे.

पण हे नंतरचं. त्या दुपारी जोड थंड झाले, हे बाटला बंद करायला गेले आणि मी पडवीतून बाहेर आले. सासूबाई देवघरापाशी उभ्या होत्या. कळशी रिकामी होती. सकाळपासून त्या काठी घेऊन दारात बसल्या होत्या, पाणी भरायचं राहून गेलं होतं.

"कळशी भरून आण," मला म्हणाल्या.

मी हातातल्या हातमोज्यांकडे बघितलं. म्हटलं, "हातमोजे घालूनच भरू का?"

"काढ ते," सासूबाई म्हणाल्या. "हाताला काय झालंय तुझ्या?"